वाळूवरचा फुटबॉल आणि आम्ही नाशिककर

नाशिकच्या माणसानें समुद्रकांठच्या खेळाविषयीं लिहावें, हें वाचकांस प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटेल. आपल्या गांवीं गंगा आहे, डोंगर आहेत, द्राक्षांचे मळे आहेत. समुद्र मात्र नाहीं. तो पाहावयाचा तर कसारा घाट उतरून मुंबई गांठावी लागते, आणि तेथील चौपाटीवरहि मुलें भेळेच्या गाडीभोंवतीं जितकीं दिसतात तितकीं चेंडूभोंवतीं दिसत नाहींत. तरी पण सन २०२५ च्या मे महिन्यापासून हा खेळ माझ्या मनांतून जात नाहीं, आणि आमच्या शाळेच्या मैदानाच्या एका कोपऱ्यांत त्यानें प्रत्यक्ष जागाहि मिळविली आहे. ती हकीकत येथें सांगावयाची आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यांतील पुष्कळांनीं हा खेळ पाहिला नसेल, म्हणून आधीं त्याची ओळख करून देतों. ह्यास इंग्रजींत बीच सॉकर म्हणतात. कोंकणांत समुद्रकांठच्या मऊ वाळूच्या पट्ट्यास पुळण असा सुंदर शब्द आहे. त्या शब्दाचा आधार घेऊन आपण ह्यास पुळणीवरचा फुटबॉल म्हणूं या. प्रत्येक पक्षांत गोलरक्षकासह पांचच गडी असतात. मैदान लांबीला ३५ ते ३७ मीटर व रुंदीला २६ ते २८ मीटर. खेळ बारा बारा मिनिटांच्या तीन भागांत होतो, आणि बदली गडी हवे तितक्या वेळां आंत-बाहेर करतां येतात. कारण वाळूंत धांवणें हें साधें काम नव्हे. शास्त्रज्ञांनीं मोजून पाहिलें आहे कीं, कठीण जमिनीच्या मानानें वाळूंत चालण्यास दुपटीहून अधिक आणि धांवण्यास दीडपटीहून थोडी अधिक शक्ति खर्चीं पडते. सामना बरोबरींत सोडण्याची चाल नाहीं. जादा तीन मिनिटें, आणि तेवढ्यानेंहि न भागलें तर पेनल्टीच्या ठोकरा. फ्री किकच्या वेळीं विरुद्ध पक्षास गड्यांची भिंत उभी करतां येत नाहीं. ह्या सर्व नियमांहून मला जो महत्त्वाचा वाटला तो निराळाच आहे: ह्या खेळांत बूट चालत नाहींत. अनवाणीच खेळावें लागतें.

वाळूंत चेंडू सरळ घरंगळत नाहीं. मध्येंच एखाद्या खळग्यापाशीं अडतो, कोठें उशी लागल्यासारखा मरून पडतो. म्हणून खेळाडू त्यास जमिनीवर फार वेळ ठेवीतच नाहींत. पायाच्या चवड्यानें वर उडवितात आणि हवेंतच एकमेकांस देतात. पाठ जमिनीकडे करून, डोक्यावरून उलटी लाथ मारणें, हें मैदानी फुटबॉलांत वर्षांतून एखाद्या वेळीं दिसणारें दृश्य येथें एका सामन्यांत चार वेळां दिसतें; कारण पडल्यावर लागत नाहीं. ब्राझीलमधील रिओ शहराच्या कोपाकाबाना नांवाच्या पुळणीवर हा खेळ वाढला. नियम १९९२ सालीं बांधले गेले, आणि फिफा ह्या जागतिक फुटबॉलसंस्थेच्या नांवानें पहिला विश्वचषक २००५ सालीं त्याच पुळणीवर झाला. यजमानांच्या दारांतून तो चषक फ्रान्सनें नेला, ही मौजच.

आतां मे २०२५ कडे वळतों. त्या महिन्यांत हा विश्वचषक सेशेल्स ह्या हिंदी महासागरांतील चिमुकल्या द्वीपराष्ट्रांत झाला. आफ्रिका खंडाच्या वांट्यास हा मान प्रथमच आला होता. सोळा राष्ट्रांचे संघ होते. सुटी असल्यामुळें माझा पुतण्या घरीं आला होता, आणि त्याच्या मोबाईलवर आम्ही दोघांनीं रात्रीं जागून कांहीं सामने पाहिले. अंतिम सामना ब्राझील आणि बेलारूस ह्यांचा झाला व ब्राझीलनें तो ४-३ असा जिंकला. ब्राझीलचा हा सातवा विश्वचषक. त्यांत नवल कांहीं नाहीं. नवल दुसऱ्या पक्षाचें.

पुतण्यानें सहज विचारलें, "काका, बेलारूसचा समुद्र कोणता?" भूगोल शिकविणाऱ्या माणसानें ह्या प्रश्नास तत्काळ उत्तर द्यावयास हवें, आणि मीं तें दिलें: "कोणताच नाहीं." रशिया, युक्रेन, पोलंड, लिथुआनिया व लॅट्व्हिया ह्या पांच देशांनीं तो चोहों बाजूंनीं वेढलेला आहे. तेथें हिवाळ्यांत बर्फ पडतें. ज्यांच्या देशास समुद्राचा स्पर्श नाहीं, त्यांनीं तळ्याकांठच्या किंवा गाड्यांनीं आणून पसरलेल्या वाळूवर सराव केला आणि पुळणीच्या खेळांत जगांत दुसरा क्रमांक मिळविला. मग मीं मागचे निकाल चाळले, तों हें उदाहरण एकटें नव्हे असें दिसून आलें. आल्प्स पर्वताच्या कुशींतला स्वित्झर्लंड २००९ सालीं दुबईस अंतिम सामन्यांत खेळला होता. आपल्या देशांतील पहिली राष्ट्रीय स्पर्धा २०२३ च्या आरंभीं सुरतेस भरली, तिच्या अंतिम फेरींत केरळाच्या समोर कोण उभें राहिलें? तर पंजाब! केरळानें त्यांस १३-४ असें धुऊन काढलें हें खरें. पण गोवा, महाराष्ट्र, गुजराथ अशीं सागरतीरावरचीं राज्यें असतां पांच नद्यांचा पंजाब तेथवर पोंचला, हें विसरतां येत नाहीं.

ताहितीची कथा ह्याहूनहि गोड आहे. पॅसिफिक महासागरांतील ह्या बेटाची लोकसंख्या दोन लाखांच्या आंत. आपल्या नाशिक शहराचीच २०११ च्या जनगणनेंत चौदा लाखांहून अधिक होती. जून २०१३ मध्यें ताहितीचा मैदानी फुटबॉलसंघ ब्राझीलमध्यें कॉन्फेडरेशन्स चषकासाठीं गेला. स्पेननें १०-०, उरुग्वेनें ८-० आणि नायजेरियानें ६-१ असे त्यांस हरविलें. चोवीस गोल झाले, बदल्यांत एक. जगानें त्यांच्या धैर्याची वाहवा केली. परंतु ती वाहवा हरलेल्याच्या पाठीवरून हात फिरविण्याच्या जातीची होती. पुढें तीनच महिन्यांनीं वाळूवरचा विश्वचषक ताहितींतच भरला, आणि ह्याच बेटाच्या अनवाणी गड्यांनीं त्यांत चौथा क्रमांक मिळविला. २०१५ आणि २०१७ ह्या दोन्ही सालीं ते अंतिम सामन्यापर्यंत गेले. तेंच बेट, तोच गोल चेंडू. पायाखालची भूमि मात्र बदलली होती.

सेशेल्सचें नांव ऐकतांच मला दुसरेंहि कांहीं आठवलें, तें सांगतों. थोडें विषयांतर झाल्यास वाचकांनीं क्षमा करावी. तुम्ही रोज शरणपूर रोडनें शाळेंत येतां. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथें चर्च मिशनरी सोसायटीची वसाहत वसली, आणि तिच्यांत आफ्रिकेंतून गुलाम म्हणून विकण्यास नेलेलीं, पण इंग्रजी आरमारानें गलबतांवरून सोडविलेलीं मुलें आणून ठेवीत. तीं येथें लिहिणें-वाचणें व सुतारकी-लोहारकी शिकलीं. त्यांपैकीं जेकब वेनराइट हा पुढें डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या शोधास गेलेल्या मंडळींत सामील झाला. लिव्हिंग्स्टन १८७३ सालीं आफ्रिकेच्या अंतर्भागांत मरण पावला, तेव्हां त्याचें नांव झाडाच्या खोडावर कोरणारा हाच. सोबत्यांसह तें शव समुद्रापर्यंत आणून विलायतेस पोंचविणारा, आणि १८७४ सालीं वेस्टमिन्स्टर ॲबेमधील दफनविधीच्या वेळीं शवपेटीस खांदा देणाऱ्यांत उभा असलेलाहि हाच. आरमारानें सोडविलेले दुसरे दोन हजारांहून अधिक लोक सेशेल्सच्या बेटांवर उतरविले गेले, आणि त्यांच्या मुलांसाठीं त्याच सोसायटीनें १८७६ सालीं तेथील डोंगरावर व्हेन्सटाऊन नांवाची शाळा काढली. तिचे भग्नावशेष अद्याप आहेत. म्हणजे शरणपूर आणि सेशेल्स हीं एकाच दुःखांतून निघालेलीं दोन गांवें. सेशेल्सचा संघ त्या स्पर्धेंत साखळी फेरींतच बाहेर पडला. पण गोरे, काळे, सांवळे अशा मिश्र चेहऱ्यांचे ते गडी राष्ट्रगीत म्हणतांना मीं पाहिले, तेव्हां ह्यांच्या पणज्या-खापरपणज्यांपैकीं कोणी गलबताच्या तळघरांतून आली असेल, असें मनांत आल्यावांचून राहिलें नाहीं.

असो. जूनमध्यें शाळा भरली. वसतिगृहांत पेठ तालुक्यांतील एक मुलगा नववींत आहे. त्याचें नांव मी येथें देत नाहीं. पायांत चेंडू असा घट्ट कीं, जणूं दोरीनें बांधला आहे. दमणगंगेच्या उन्हाळ्यांतल्या कोरड्या पात्रांत खेळून तो शिकला. तुमच्यांतल्या भूगोलाच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असेलच कीं, आपली गोदावरी पूर्वेस बंगालच्या उपसागराकडे जाते, पण पेठेकडचें पाणी पश्चिमेस उतरून दमणजवळ अरबी समुद्रास मिळतें. एका अर्थीं तो मुलगा आमच्यापेक्षां समुद्राच्या जवळचा.

पावसाळ्यांत एक आंतरशालेय स्पर्धा झाली. मैदानी फुटबॉलांत पादत्राण सक्तीचें आहे. त्याच्यासाठीं मागविलेले बूट दुकानदाराकडून वेळेवर आले नाहींत, म्हणून दुसऱ्या मुलाचे, दोन अंगुळें मोठे, बूट त्यानें घातले. दहा मिनिटांत दोन्ही टांचांचीं सालटीं निघालीं. तेव्हां त्यानें बूट काढून रेषेबाहेर ठेवले आणि पुन्हां खेळूं लागला. पंचांनीं शिटी फुंकून त्यास बाहेर जाण्यास सांगितलें. पंचांचें कांहीं चुकलें असें मी म्हणत नाहीं. नियम तो नियम. पण बाहेर बसलेल्या प्रेक्षकांपैकीं कोणी मोठ्यानें हंसून म्हटलें, "आधीं चप्पल घालायला शिकवा!" तें त्या मुलानें ऐकलें, आणि मींहि ऐकलें.

अनवाणी पायांची आपल्या देशांत केवढी मोठी परंपरा आहे, हें त्या हंसणाऱ्यास बहुधा ठाऊक नसावें. १९११ सालीं कलकत्त्याच्या मोहन बागाननें ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या पलटणीस २-१ हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली, तेव्हां त्यांचे दहा गडी अनवाणी होते. अकरावा, सुधीर चटर्जी, तेवढा बूट घालून खेळला. तो ख्रिस्ती होता व पुढें पाळक झाला, म्हणून आमच्या घरीं वडील ही गोष्ट सांगतांना त्या एका बुटाच्या जोडीवर विशेष भर देत. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणीच फ्रान्सशीं लढले आणि १-२ असे थोडक्यांत हरले. अनवाणी खेळूं देईनात म्हणून १९५० च्या विश्वचषकास आपण गेलों नाहीं, ही लोकप्रिय दंतकथा मात्र पुराव्याच्या कसोटीस उतरत नाहीं. त्या वेळीं आपल्या संस्थेस ऑलिंपिकचें महत्त्व अधिक वाटत होतें, हें कारण जास्त पटण्याजोगें आहे.

हें सर्व मीं त्या मुलास वसतिगृहाच्या ओट्यावर सांगितलें. त्यानें ऐकून घेतलें. परंतु दिवाळीची सुटी संपली, सर्व मुलें परत आलीं, आणि तो आला नाहीं.

आठ दिवस वाट पाहून मी त्याच्या गांवीं गेलों. घर बंद होतें. शेजाऱ्यांनीं सांगितलें, सारें कुटुंब दिंडोरीकडे बागेवर कामास गेलें आहे. गोडी छाटणी होऊन गेली होती, आतां घडांच्या विरळणीचे दिवस. ह्या कामास मुलांचीं बोटें चालतात आणि मजुरी रोख मिळते. बाग शोधून काढीपर्यंत दुपार झाली. त्याचे वडील वेलीखालून बाहेर आले, हात पुसले, आणि मला बसावयास पोतें अंथरलें. फार आढेवेढे न घेतां त्यांनीं विचारलें, "गुरुजी, पोराला चेंडू येतो हे आम्हांला ठावं आहे. पण त्यानं पोट भरंल का?"

ह्या प्रश्नावर बेलारूस आणि ताहितीचीं उदाहरणें तोंडीं आलीं होतीं. तीं मीं गिळलीं. मार्च २०२५ मध्यें भारताचा संघ थायलंडांत आशियाई चषकास गेला, तो २००७ नंतर प्रथमच. म्हणजे अठरा वर्षें ह्या खेळांत आपलें नांव आशियाच्या यादींत नव्हतें. असल्या खेळाच्या भरंवशावर एका मजुराच्या मुलास काय सांगावें? मी म्हणालों, "नाहीं. ह्या खेळावर पोट भरणारा आपल्याकडचा एकहि माणूस मला माहीत नाहीं."

त्यांनीं माझ्याकडे टक लावून पाहिलें. "मग?"

"मग दहावी होऊं द्या. चेंडू आहे म्हणून तो शाळेंत रमतो. रमला तर दहावी होईल. दहावीनंतर आयटीआयला जाईल, वायरमन होईल, जें होईल तें. आज इथं बसला तर दरवर्षीं इथंच बसेल."

आई मागें उभी होती. ती एवढेंच म्हणाली, "ते बुटाचे पैसे कापून घेऊ नका, गुरुजी." ते बूट मागाहून आले होते आणि त्यांची किंमत त्या घराच्या तीन दिवसांच्या मजुरीइतकी होती. पैसे कोणी कापणार नाहीं असें मीं सांगितलें. पुष्कळ बोलणें झालें. शेवटीं, काम जोरांत असेल त्या शनिवार-रविवारीं तो बागेवर येईल आणि एरव्ही वसतिगृहांत राहील, असा ठराव झाला. ठराव माझ्या मनासारखा नाहीं. शनिवारीं सकाळची शाळा असते, आणि ती त्याची कधीं कधीं बुडते. पण ज्यांच्या घरांतलें एक माणूस कमी झालें म्हणजे चुलीवरचें कांहीं कमी होतें, त्यांच्याशीं तत्त्वाची भाषा बोलून मला परत यावयाचें नव्हतें.

तो परत आला त्याच आठवड्यांत मुलांनीं हट्ट धरला: शाळेंत पुळण करावयाची! मीं त्यांस हिशेब घातला. नियमाप्रमाणें लहानांत लहान मैदान ३५ मीटर गुणिले २६ मीटर, आणि वाळू निदान ४० सेंटिमीटर खोल. म्हणजे ३६४ घनमीटर. वाळूचा व्यवहार ब्रासनें चालतो व एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. तेव्हां सुमारें १२८ ब्रास वाळू. डंपरांत चार-पांच ब्रास धरली तरी सव्वीस ते बत्तीस खेपा. उत्तर फळ्यावर उतरलें तेव्हां वर्ग शांत झाला. हें उत्तर सर्वांत आधीं कोणी काढलें असेल? गणितांत जो नेहमीं मागें पडतो, त्या पेठच्या मुलानें. घर बांधण्याच्या कामावर त्यानें वाळू वाहिली होती. ब्रास म्हणजे काय हें त्याच्या पाठीस ठाऊक होतें.

पैशाचा प्रश्न बाजूस ठेवला तरी तेवढी वाळू आणावयाची कोठून? नदीच्या पात्रांतील वाळू ही पाणी धरून ठेवणारी असते. ती उपसली कीं कांठच्या विहिरी आटतात, आणि तिच्या उपशावर सरकारी निर्बंध आहेत ते ह्याचसाठीं. आमच्या खेळासाठीं एखाद्या गांवचें पाणी खालीं जावें, हें मला मान्य नव्हतें. दगड फोडून केलेली क्रश सँड मिळते, पण तिचे कण टोंकदार असतात. अनवाणी पायांस ती कांचेसारखी बोंचते. तेव्हां आमची दृष्टि लांब उडीच्या खड्ड्याकडे वळली. तो ९ मीटर लांब व ३ मीटर रुंद होता. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन मुलांनीं दोन रविवार खणून तो रुंदीस दुप्पट केला. एका पालकांच्या जुन्या बांधकामावर पडून राहिलेली दोन ब्रास नदीची वाळू त्यांनीं आनंदानें दिली. वीतभर खोल झाली. चाळीस सेंटिमीटरांच्या ती जवळपासहि नाहीं. कोणी जोरानें आपटला तर खालची जमीन लागते, म्हणून उलटी लाथ मारण्यास सध्यां बंदी आहे. ही बंदी कितपत पाळली जाते, हें मी खोदून विचारीत नाहीं.

तेथें आतां रोज संध्याकाळीं दोन-दोन गड्यांचे सामने होतात. विटांचे गोल आहेत. बूट सर्वांचेच कुंपणाशीं रांगेनें काढून ठेवलेले असतात, चांगले महागाचेहि. पेठचा मुलगा बहुधा पंच असतो, कारण तो खेळूं लागला कीं सामना एकतर्फी होतो, अशी बाकीच्यांचीच तक्रार आहे. लहान मुलांस तो चेंडू चवड्यावर कसा उचलावा तें दाखवितो. फार बोलत नाहीं. मैदानी संघाच्या सरावासहि तो येतो. नव्या बुटांत पहिले पंधरा दिवस तो बदकासारखा चालत असे, आतां बरा धांवतो. सहामाही परीक्षेंत इंग्रजींत नापास आहे. गणितांत काठावर सुटला.

परीक्षा संपेपर्यंत खड्डा बंद राहील, अशी मुख्याध्यापकांची आज्ञा झाली आहे, आणि ती योग्य आहे. तोंवर एक काम राहिलें आहे. त्या वाळूंत अजून बारीक खडे व मागील बांधकामाचे दोन-चार खिळे सांपडतात. सर्व वाळू एकदां चाळून घेतली पाहिजे. परीक्षेनंतरच्या पहिल्या शनिवारीं दुपारीं तें काम काढलें आहे. ज्या पालकांच्या घरीं गवंडीकामाची मोठी चाळण असेल, त्यांनीं ती त्या दिवसापुरती पाठवावी. संध्याकाळीं धुऊन परत केली जाईल.